तोकडी नळी

४ ऑक्टोबर

वहिनींना नमस्कार,

पाकीट बघून दचकू नका, इकडे सगळे बरे आहोत. पण तुमच्याकडचा फोन बाबांच्या खुर्चीला चिकटून आहे. बाबांविषयी काही विचारलं की तुम्ही "हो", "नाही", "बघू" एवढ्यावर भागवता आणि मी इकडे अंदाज बांधत बसतो. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं.

ठरल्याप्रमाणे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांना कायमचं इकडे आणायचं. मागची खोली रंगवून झाली, खिडकीची कडी बदलली. दादा गेल्यापासून दोन वर्षं तुम्ही एकट्याने सगळं ओढताय. पडदे शिवायचे, ते गाडीत घालून लोकांच्या घरी लावून यायचे, आणि वर सासऱ्यांची औषधं आणि जेवणाच्या वेळा सांभाळायच्या. तुम्ही कधी कुरकुर केली नाहीत, पण मला काय डोळे नाहीत का? आता थोडी माझी पाळी.

बाबांची लोखंडी पेटी आणि ती खुर्ची आगगाडीत चढवणं काही शक्य नाही, तेव्हा तुम्ही त्यांना व्हॅनने घेऊन याल हेच बरं. पण मध्ये घाट आहे, आणि त्या दिवसांत तिथे रात्री ठेवलेल्या बादलीवर बर्फ धरतो. दादाची व्हॅन आमच्या लेकीच्या, चिमणीच्या दुप्पट वयाची. रेडिएटरात साधं पाणी असेल तर ते गोठून फुगेल आणि इंजिन तडकेल. त्याआधी कूलंट घालून घ्या.

मी डेपोत हजेरीचे कागद बघतो, इंजिनातलं मला ओ का ठो कळत नाही. म्हणून आमच्या फोरमनना विचारलं. त्यांना प्रश्न विचारणं म्हणजे जेवणाची सुट्टी गमावणं, पण वडिलांसाठी तेवढं केलं. ते म्हणतात, गाडी जुनी, म्हणजे इंजिन बिडाचं आणि रेडिएटर तांब्यापितळेचा. तिला जुन्या पद्धतीचा हिरवा कूलंटच घालायचा. हल्लीचा नारिंगी तिच्या जोडकामाला मानवत नाही, आणि हिरव्यात नारिंगी मिसळला तर आत चिकट गाळ होतो. आधी जुनं पाणी सोडून गाडी आतून धुऊन घ्यायची. मग कूलंट आणि बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी निम्मं निम्मं, तेही बाहेर बादलीत कालवून. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार रेडिएटरात आतून धरतात. आणि काठोकाठ भरू नका, गळ्याखाली दोन बोटं जागा सोडा, कारण तापलं की ते फुगतं. शेवटचं त्यांनी दोनदा बजावलं आहे: हा पदार्थ चवीला गोड आणि पोटात गेला तर विष. स्वयंपाकघराच्या आसपासही ठेवायचा नाही.

बाबांना नमस्कार सांगा.

तुमचा एकुलता एक दीर

१२ ऑक्टोबर

भावोजी,

पत्र मिळालं. फोनवर मी तीनच शब्द बोलते हे कबूल. तुम्ही मात्र फोनवर बोलता तसंच लिहिता, मध्ये श्वास न घेता.

काम झालं. दुकानदाराने आधी नारिंगी डबाच पुढे केला. म्हणे हा सगळ्या गाड्यांना चालतो, पाच वर्षं झाकण उघडायला नको. मी म्हटलं, सगळ्या खिडक्यांना चालेल असा पडदा मी अजून शिवलेला नाही, तुम्ही आपला जुन्या गाडीचा हिरवा काढा. मागच्या फळीवरून धूळ झटकत काढून दिला. त्याच्याकडूनच तपासायची काचेची नळीही आणली. तिच्यात चार रंगीत गोळ्या असतात. मिश्रण ओढून घ्यायचं आणि किती गोळ्या तरंगतात ते बघायचं. चारही वर आल्या तर कितीही थंडी पडो, काळजी नाही.

जुनं पाणी सोडलं तर ते काळ्या चहासारखं आलं. हीटर चालू ठेवून साध्या पाण्याने धुतलं, पुन्हा सोडलं, पुन्हा धुतलं, निवळ येईपर्यंत. कापड रंगवायच्या माझ्या जुन्या बादलीत मिश्रण कालवलं. इंजिनाच्या पोटात धुण्याचं थोडं पाणी उरतंच, म्हणून कूलंट पेलाभर जास्त घातला. रंग असा सुरेख आला की त्यात दोन मीटर मलमल बुडवावी असं वाटलं.

बाबा अंगणात स्टूल टाकून बसले होते. म्हणाले, "आमच्या वेळी गाडीला पाणी पाजायचो. सकाळी ड्रायव्हरच्या आधी गाडीने प्यायचं, तेही काठोकाठ." मी म्हटलं, "आता तिला औषध सुरू केलंय." हसले. रेडिएटरची एक नळी टोकाला कडक झाली होती, ती थोडी छाटायला माझी कापडाची कात्री मागायला लागले. ती मी कागदालाही लावत नाही. तुमच्या दादांनाही कधी दिली नाही. मग स्वयंपाकघरातली सुरी दिली, त्यांनी कुरकुरत काम भागवलं.

दोन बोटं जागा सोडली आहे. चारही गोळ्या तरंगल्या.

बाबांचं म्हणाल तर ठरलंय तसं करू. खोली रंगवलीत हे छान केलंत. पडदे मात्र विकत आणू नका. खिडकीचं माप पाठवा, मी शिवून आणीन.

वहिनी

१९ ऑक्टोबर

वहिनी,

शाबास. तुमचं पत्र फोरमनना वाचून दाखवलं. म्हणाले, या बाईंना आमच्याकडे पाठवा, मी दोघा जणांना घरी बसवतो. त्यांच्या तोंडून एवढं कौतुक डेपोतल्या कुणी ऐकलेलं नाही, त्यामुळे पत्र जपून ठेवलं आहे.

खिडकीचं माप सोबतच्या चिठ्ठीत आहे. चिमणीने टेप धरली होती, तेव्हा एखादा इंच इकडेतिकडे होईल. रंग तुम्हीच ठरवा.

एक विचारायचं होतं. मागच्या फोनवर बाबांनी मला "डेपोत नोकरी लागली का?" असं विचारलं. मी थट्टा समजून हसलो, पण ते हसले नाहीत. इतर वेळी कसे असतात? डॉक्टरांना दाखवायचं असेल तर इथे बरे डॉक्टर आहेत. मला खरं ते कळवा.

तुमचा दीर

१ नोव्हेंबर

भावोजी,

बाबा ठणठणीत आहेत. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, एवढंच. काळजी करू नका.

काळजी गाडीची आहे. दर रविवारी मी झाकण उघडून बघते. पातळी जिथल्या तिथे, गळ्याखाली दोन बोटं. पण रंग उडत चाललाय. पहिल्या रविवारी वाटलं, उजेडाचा फरक असेल. दुसऱ्या रविवारी कैरीच्या सालीचा रंग जाऊन काकडीच्या गराचा झाला. आज तर पाण्यात कुणी हिरवी चिंधी बुडवून काढली असावी असं दिसतं. दोनच गोळ्या तरंगल्या.

कच्च्या रंगाचं कापड मी बोटाने ओळखते, पण इथे फसले. दुकानदाराने जुना, विटलेला माल दिला असणार. काल जाऊन त्याला चार शब्द सुनावले. धूळ बसलेला डबा होता हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी घेतला. तो बिचारा म्हणत होता की कूलंटचा रंग कापडासारखा उडत नसतो, पण मी त्याला बोलू दिलं तर ना.

आणखी एक. जिथे पडदे लावायला जाते तिथे परत निघताना गाडीच्या नाकाखाली थोडं ओलं दिसतं. फार नाही, कुणीतरी पेल्याने सांडल्यासारखं. गळत असेल तर पातळी खाली जायला हवी, ती जात नाही. फोरमनना विचारा.

तुमच्या खिडकीचं कापड काढून ठेवलं आहे. अजून कात्री लावली नाही.

वहिनी

८ नोव्हेंबर

वहिनी,

फोरमन दोन दिवस विचारात आहेत. एरवी ते विचार करत नाहीत, लगेच सांगतात. पहिल्या दिवशी म्हणाले, झाकणाचा रबर गेला असेल, झाकण बदला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, हेड गॅस्केट. आज सकाळी हजेरीच्या खिडकीशी येऊन मला म्हणाले, "अहो, बाहेर जातंय आणि पातळी तेवढीच राहतेय, म्हणजे आत येतंय. त्या गाडीत पाणी कोण घालतं?" मी म्हटलं, कोणी नाही, घरात वहिनी आणि माझे वडील दोघंच. ते मान हलवत निघून गेले.

एकूण काय, गाडीचा भरवसा नाही. घाटात ती बंद पडली आणि आत बाबा थंडीत बसले आहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून मी असं ठरवलंय की बाबांना न्यायला मीच येईन, आगगाडीने. पेटी आणि खुर्ची राहू दे, इथे नवी घेऊ. आणि खरं सांगू? ती व्हॅनही आता विकून टाका. दादाची आठवण म्हणून तुम्ही तिला सांभाळता हे कळतं मला, पण ती तुमचा जीव खातेय. बाबा इकडे आले की तुम्हालाही जरा मोकळं होता येईल. शिलाई घरात बसून करा, लावायचं काम दुसऱ्या कुणाला द्या.

रागावू नका.

तुमचा दीर

१६ नोव्हेंबर

भावोजी,

रागावले होते. दोन पत्रं लिहून फाडली. हे तिसरं आहे, त्यामुळे जरा बरं असेल.

तुमच्या फोरमनच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. सकाळी निघण्याआधी मी मागच्या खोलीत दांड्या आणि कड्या मोजून बांधत असते, अंगणाकडे माझी पाठ असते. परवा एका दवाखान्याच्या पडद्याचा झोळ बघायचा होता म्हणून तो समोरच्या खिडकीला टांगला. स्टुलावर उभी राहून खाली बघते तर बाबा गाडीपाशी. स्वेटरची बटणं वरपर्यंत लावलेली, हातात झाडांना पाणी घालायचा पत्र्याचा डबा. आधी त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, आपण पोराच्या कपाळावर ठेवतो तसा. मग झाकण उघडलं, काठोकाठ पाणी भरलं, झाकण लावलं, रुमालाने पुसलं आणि डबा नळाशी नेऊन पालथा घातला.

मी बाहेर गेले. म्हटलं, "बाबा, काय चाललंय?"

"गाडीला पाणी पाजलं."

"कधीपासून?"

"रोजच की. रविवारी तिला सुट्टी. अगं, तुझा नवरा विसरतो, त्याला कितीदा सांगितलं. तू निघालीस आणि वाटेत गाडी तापली तर?"

त्यांनी "विसरतो" म्हटलं, भावोजी. "विसरायचा" नाही.

आता तुम्हाला सगळं जुळलं असेल. रोज सकाळी ते काठोकाठ भरतात, गाडी तापली की फुगलेलं तेवढं लोकांच्या दारात सांडतं, संध्याकाळी पातळी पुन्हा दोन बोटं खाली. रोज पेलाभर औषध बाहेर आणि पेलाभर नळाचं पाणी आत. कूलंट मी घातला तेव्हा ते शेजारी बसून होते, हसले होते, नळी छाटली होती. ते त्यांच्या लक्षात नाही. पण सकाळी गाडीला पाणी पाजायचं, हे आयुष्यभराचं लक्षात आहे.

तुम्ही खरं कळवा म्हणाला होतात आणि मी ठणठणीत म्हणून कळवलं. ते खोटं होतं. कधी दिवस चुकतो, कधी माणूस चुकतो. स्वतःची औषधं मी हातात दिल्याशिवाय घेत नाहीत. हे लिहिलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी येऊन त्यांना घेऊन गेला असता, म्हणून लिहिलं नाही.

आता उरलेलंही सांगते. मला ते जायला नको आहेत. मी सून, माझा हक्क तो किती, तुम्ही पोटचे, असं मनाशी म्हणून गप्प बसले. पण संध्याकाळी दार उघडल्यावर "आलीस?" म्हणणारं घरात दुसरं कोण आहे? तुम्ही मला मोकळं करायला निघालात. मला मोकळं व्हायचंय का, हे एकदा तरी विचारायचं होतंत.

परवा त्यांच्या हातातून डबा काढून घेणार होते. "बाबा, उद्यापासून गाडीला हात लावू नका" एवढं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. त्यांनी रुमालाची घडी करून खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "जा आता बिनघोर." मग मी डबा नळाशीच राहू दिला. तशीच निघाले, आणि दिवसभर नाकाखालचं ओलं पुसत फिरले.

दुकानदाराची माफी मागायला जायचं आहे. तेही अवघडच आहे.

वहिनी

२१ नोव्हेंबर

वहिनी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, मग तुमच्या जावेला वाचायला दिलं. ती म्हणाली, "आता तरी सांगा." तेव्हा सांगतो. बाबांनी कुणाला सांगू नको म्हटलं होतं, म्हणून आजवर गप्प होतो.

त्यांना इकडे आणायचं ही कल्पना माझी नाही. उन्हाळ्यात एकदा तुम्ही कामावर असताना त्यांनी स्वतः फोन केला. म्हणाले, "मला तुझ्याकडे ने. ती पोर दिवसभर राबते आणि मी नुसता खुर्चीत बसून असतो. शिडीवर चढू देत नाही, भाजी चिरू देत नाही, गाडीची किल्ली काढून घेतली. माझा तिला काही उपयोग नाही. मी आहे तोवर ती कुठे जायची नाही, काही करायची नाही." मी विचारलं, वहिनी काही बोलल्या का? म्हणाले, "ती कशाला बोलेल. तिने बोलायची वाट बघू का?"

मला वाटलं, बापाने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं, तर द्यावं. तुम्हाला काय वाटतं हे विचारायला हवं होतं, आणि ते मी केलं नाही. तुम्ही लगेच "ठरलंय तसं करू" म्हणालात, तेव्हा मला वाटलं, तुम्ही खरंच थकला आहात. आता बघा, तुम्हाला वाटत होतं मी त्यांना मागतोय, मला वाटत होतं तुम्हाला ते झेपत नाहीत, आणि ते तिसरंच काहीतरी धरून बसले होते.

आता गाडीचं. फोरमनना सांगितलं, तर ते टेबलावर हात आपटून हसले आणि मग डोळे पुसत म्हणाले, माझे वडीलही असेच होते. त्यांचा उपाय सोपा आहे. गळ्याजवळून जी बारीक नळी खाली मोकळी सोडलेली असते ना, तिथूनच ते सांडतं. तिला लांब नळी जोडून एका बाटलीत सोडायची, नळीचं टोक बाटलीच्या तळापर्यंत बुडवायचं आणि झाकण दोन्ही बाजूंनी घट्ट बसणारं लावायचं. गाडी तापली की फुगलेलं बाटलीत जातं, गार झाली की तेच ती आपण होऊन परत ओढून घेते. थेंब वाया जात नाही आणि रोज झाकण उघडायची गरजच उरत नाही. म्हणजे बाबांच्या हातातला डबाही आपोआप सुटेल, तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

फक्त विषाचं तेवढं सांभाळा. आता तर जास्तच.

आणि डिसेंबरचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. मी तुमच्या पत्रानंतरच तिकीट काढीन किंवा काढणार नाही.

तुमचा दीर

२ डिसेंबर

भावोजी,

तुमचं पत्र वाचलं. माझा तिला काही उपयोग नाही, असं त्यांना वाटत होतं, आणि मी समजत होते की त्यांना जपतेय. एकेक करून त्यांच्या हातातलं सगळं मीच काढून घेतलं होतं. डबा तेवढा उरला होता, तोही माझं लक्ष नव्हतं म्हणून.

दुकानदाराची माफी मागितली. तो म्हणाला, "असू द्या, पण आता तरी माझं ऐकून घ्या," आणि कूलंटच्या रंगाविषयी पाऊण तास बोलला. सगळं ऐकून घेतलं. त्याच्याकडूनच नवा हिरवा डबा, बाटली, झाकण आणि हातभर नळी आणली. जुनं सगळं सोडून पुन्हा धुतलं, पुन्हा निम्मं निम्मं कालवलं. या वेळी बाबांनी बादली ढवळली. चारही गोळ्या तरंगल्या.

पण फोरमननी सांगितलं तसं केलं नाही. त्यांना सांगू नका. नळी बाटलीत सोडली, मात्र तळापर्यंत नेली नाही. बाटलीच्या तोंडाच्या जरा खालीच थांबवली. त्यामुळे फुगलेलं बाटलीत पडतं, सांडत नाही, पण गाडीला ते परत ओढता येत नाही. परत घालायला माणूस लागतो.

सकाळी मी चहाचा कप संपवून त्यांच्याबरोबर बाहेर जाते. ते बॉनेटवर तळहात ठेवून बघतात. बाटलीतलं पत्र्याच्या डब्यात ओततात, झाकण मी धरते, ते भरतात. काठोकाठच भरतात, भरू देत. तेच रोज बाहेर येतं आणि तेच रोज आत जातं. नळाची चावी काढून मी बटणांच्या खणात ठेवली आहे, आणि डब्याला लाल रंग देऊन तो बाटलीसकट गाडीतच कुलपात असतो. मी बरोबर असल्याशिवाय तो डबा बाहेर निघत नाही. पहिल्या दिवशी म्हटलं, "बाबा, हेच घालायचं, नळाचं नको, क्षार धरतात." म्हणाले, "हे तू मला सांगतेस?" दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच म्हणाले. आता रोजचं झालंय. मला त्याचा कंटाळा येत नाही.

गेल्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. अंगणातल्या बादलीवर बर्फाची चकती धरली होती. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. बाबा शेजारच्या सीटवर बसले होते, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू इंजिन त्यांनीच घडवलंय. हल्ली कामावर येतात ते. शिडी धरतात आणि पडदा कुठे वर चढलाय ते सांगतात.

तुमच्या खिडकीचा पडदा शिवून पार्सलने पाठवतेय. चिमणीने टेप चांगली धरली होती. पाहुणे म्हणून आम्ही दोघं उन्हाळ्यात येऊच, तेव्हा खोली लागेल.

पण हे सगळं माझं झालं. त्यांनी तुम्हाला शब्द दिला होता, तर तो त्यांनीच राखावा किंवा मोडावा. मी त्यांना कागद आणि पेन दिलं आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. त्यांनी पाकीट स्वतः चिकटवलं आहे, आत काय आहे ते मला माहीत नाही. त्यांनी यायचंच असं लिहिलं असेल तर तिकीट काढा, मी पेटी बांधून ठेवीन.

वहिनी

(सोबतच्या बंद पाकिटातलं)

धाकट्यास बाबांचा आशीर्वाद.

सूनबाईने कागद दिला आणि म्हणाली, काय सांगायचं ते तुम्हीच सांगा. हात पूर्वीसारखा राहिला नाही, अक्षर लावून वाच. तुमच्याकडे थंडी पडली का?

मी तुला येतो म्हणालो होतो. ते आता जमणार नाही. सकाळी गाडीला पाणी घालायला इथे दुसरं कोणी नाही. तिला कामाची घाई असते. शिवाय पडदा सरळ पडला की नाही हे खालून बघावं लागतं, शिडीवरच्या माणसाला ते दिसत नाही. आधी ती एकटीने कसं करायची कोण जाणे. तू खोली रंगवलीस असं कळलं, तर खर्च उगाच झाला असं समजू नकोस. आम्ही येऊ. चिमणीला अभ्यास कर म्हणावं. थंडी पडली का ते कळव.

एक गोष्ट तुझ्यापाशी ठेव. गाडीला नवी बाटली बसवली आहे, तिची नळी तोकडी आहे. ती पाण्यात बुडलेली असेल तर गाडी आपलं पाणी आपणच परत घेते, माणूस लागत नाही. मी जन्मभर गाड्या चालवल्या, एवढं मला पहिल्याच सकाळी दिसलं. आधी वाटलं, पोरीची चूक झाली, सांगून टाकावं. म्हणून वाकून बघितलं. नळी सरळ रेषेत कापलेली होती, कुठे दातरा नाही, ओरखडा नाही. अशी ती सुरीने कापली जात नाही. तिने कापडाची कात्री लावली होती. ती कात्री ती कागदाला लावत नाही, तुझ्या भावाला कधी हात लावू दिला नाही.

मग मी काही बोललो नाही. तूही बोलू नकोस. मी हल्ली पुष्कळ विसरतो हे मला माहीत आहे, म्हणून हे तुला लिहून ठेवलं. पुढेमागे मी विसरून ती नळी लांब करायला निघालो, तर मला फोन करून सांग की असू दे.

बाबा